कार्ल श्वार्झशिल्ड आणि कृष्णविवरांच्या शिडीतील मधली पायरी

वैशाखातील रात्री दक्षिण क्षितिजापासून काहीसा वर, नरतुरंग तारकासमूहात, धूसर ताऱ्यासारखा एक ठिपका महाराष्ट्रातून नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो. तो एक तारा नव्हे. सुमारे १८,००० प्रकाशवर्षे दूर असलेला तो लक्षावधी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ असून ओमेगा सेंटॉरी या नावाने तो ओळखला जातो. हबल दुर्बिणीने दोन दशकांच्या काळात घेतलेली त्याची पाचशेहून अधिक छायाचित्रे एकमेकांशी ताडून पाहिल्यावर, जुलै २०२४ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या एका पथकाने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. गुच्छाच्या अगदी गाभ्यात सात तारे असे आहेत की, त्यांचा वेग पाहता ते केव्हाच गुच्छाबाहेर फेकले जावयास हवे होते. ज्या अर्थी ते तेथे टिकून आहेत, त्या अर्थी कोणत्या तरी अदृश्य वस्तूने त्यांना जखडून ठेवले असले पाहिजे. आणि त्या वस्तूचे वस्तुमान सूर्याच्या किमान ८,२०० पट असले पाहिजे. मध्यम आकाराचे कृष्णविवर खरोखरीच असते, याच्या आजवर मिळालेल्या बळकट पुराव्यांपैकी हा एक मानला जातो.

या शोधामागील मूळ गणित मात्र शंभर वर्षांहून जुने आहे. पहिल्या महायुद्धाच्या धुमश्चक्रीत, १९१५ सालाच्या अखेरीस, जर्मन तोफखान्यात काम करणाऱ्या एका खगोलशास्त्रज्ञाने ते मांडले. त्याचे नाव कार्ल श्वार्झशिल्ड. कृष्णविवराच्या सीमेला आज जगभर त्याच्याच नावाने ओळखतात. परंतु ज्या समीकरणामुळे ते अमर झाले, तेवढ्यावरच श्वार्झशिल्ड यांची ओळख थांबावी, हा त्यांच्यावर एक प्रकारचा अन्यायच होय. गणिताने शक्यता सांगावी आणि अस्तित्वाची साक्ष आकाशाने द्यावी, या दोन्ही कामांची प्रतिष्ठा सारखीच मानणारा हा माणूस होता. मध्यम कृष्णविवरांचा आजचा शोध नेमका या दोहोंमधील अंतरात अडकलेला असल्यामुळे त्यांचे चरित्र पुन्हा नजरेखालून घालणे उद्बोधक ठरेल.

काचेच्या पट्टीवरील आकाश

कार्ल श्वार्झशिल्ड यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७३ रोजी फ्रँकफुर्ट येथील एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले. घरात व्यापाराची परंपरा होती, विज्ञानाची नव्हती. तरीही खाऊचे पैसे साठवून हा मुलगा भिंगे विकत आणी आणि त्यांची दुर्बीण बनवी. वडिलांचे एक स्नेही प्राध्यापक एप्स्टाइन यांच्या घरी छोटी खासगी वेधशाळा होती. त्यांचा मुलगा पॉल हा कार्लपेक्षा वयाने थोडा मोठा. या दोघांची मैत्री गणिताच्या ओढीतून जुळली आणि कार्लला उच्च गणिताची गोडी तेथेच लागली. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८९० साली, जोडताऱ्यांच्या कक्षांविषयीचे त्याचे दोन निबंध जर्मनीतील अग्रगण्य खगोलशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शाळकरी मुलाच्या लेखणीतून असे काम उतरावे, हे त्या काळीही नवलाचेच होते.

स्ट्रासबर्ग व म्यूनिक येथे शिक्षण घेऊन १८९६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि व्हिएन्नातील कुफ्नर वेधशाळेत साहाय्यकाची जागा पत्करली. बीअरचा कारखाना चालविणाऱ्या एका धनिकाने बांधलेली ती वेधशाळा होती. तेथे श्वार्झशिल्ड यांनी हाती घेतलेले काम दिसावयास रुक्ष, पण महत्त्वाने मोठे होते. ताऱ्यांची तेजस्विता तोवर प्रामुख्याने डोळ्यांच्या अंदाजावर ठरविली जाई. छायाचित्रणाच्या काचेवर ताऱ्याचा जो काळा डाग उमटतो, त्याच्या गडदपणावरून तेज मोजता येईल काय, हा त्यांचा प्रश्न होता. मंद प्रकाश दुप्पट वेळ दिला म्हणजे दुप्पट प्रखर प्रकाशाइतकेच काळेपण येते, ही सर्वसाधारण समजूत खरी नाही, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले आणि या फरकाचा नियमही शोधून काढला. तो नियम आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. मोजण्याच्या साधनावर विश्वास टाकण्यापूर्वी त्या साधनाचीच परीक्षा घ्यावयाची, ही त्यांची वृत्ती येथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

याच तरुण सहायकाने १९०० साली एका परिषदेपुढे विचारलेला प्रश्न तर काळाच्या पुष्कळ पुढचा होता. अवकाश सपाट आहे असे आपण गृहीत धरतो. पण ते वक्र असेल तर त्याची वक्रता अधिकात अधिक किती असू शकेल? ताऱ्यांच्या प्रत्यक्ष मोजलेल्या अंतरांशी विसंगत होणार नाही अशी मर्यादा त्यांनी आकड्यांनिशी सांगितली. आइन्स्टाइन यांचा व्यापक सापेक्षता सिद्धांत तेव्हा १५ वर्षे दूर होता. वक्र अवकाशाची कल्पना त्यापूर्वीही गणितज्ञांनी केली होती. श्वार्झशिल्ड यांचा विशेष असा की, ती कल्पना घेऊन ते वेधांच्या दारात गेले आणि वेध काय म्हणतात ते त्यांनी पाहिले.

गटिंगेन ते पॉट्सडॅम

१९०१ साली, तिशीही गाठलेली नसताना, गटिंगेन विद्यापीठात त्यांची नेमणूक झाली आणि एके काळी थोर गणिती गाउस यांनी जिचे संचालन केले त्या वेधशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. क्लाइन, हिल्बर्ट आणि मिंकोव्स्की यांच्यासारखे गणिती तेथे त्यांचे सहकारी होते. जगातील गणिताची ती राजधानीच म्हणावयास हवी. एवढ्या बुद्धिमंतांच्या सहवासातही श्वार्झशिल्ड यांची रात्र दुर्बिणीजवळच जात असे. छायाचित्राची काच ठरावीक गतीने हलवून प्रत्येक ताऱ्याचा ठिपका एका लहान, एकसारख्या करड्या चौकोनात पसरविण्याची युक्ती त्यांनी योजली. त्यामुळे गडदपणा अचूक मोजता येऊ लागला. या पद्धतीने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३,५०० ताऱ्यांच्या तेजाची सूची तयार केली. १९०५ साली खग्रास सूर्यग्रहणाच्या वेधासाठी ते अल्जीरियाला गेले. १९०६ साली त्यांनी सूर्याच्या वातावरणाविषयीचा निबंध लिहिला. आतील उष्णता थरामागून थर ओलांडून मुख्यतः प्रारणाच्या रूपाने बाहेर येते आणि कोणत्या परिस्थितीत हे थर खदखदू लागतील, हे त्यात सांगितले होते. ताऱ्यांच्या अंतरंगाचा अभ्यास करणारा प्रत्येक विद्यार्थी ही कसोटी आजही वापरतो.

१९०९ साली गटिंगेन येथील शस्त्रक्रियेच्या प्राध्यापकांच्या कन्या एल्झ रोझेनबाख यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास पॉट्सडॅम येथील खगोलभौतिकी वेधशाळेच्या संचालकपदी त्यांची निवड झाली. जर्मनीतील खगोलशास्त्रज्ञाला मिळू शकणारे ते सर्वोच्च पद होते. १९१२ साली बर्लिनच्या प्रशियन विज्ञान अकादमीचे ते सदस्य झाले. तीन मुलांचा संसार, जगभर मान्यता आणि वय अवघे चाळीस. यापुढे दोन-तीन दशके त्यांच्या हातून मोठे काम घडेल, अशी कोणीही खात्री दिली असती.

तोफखान्यातील गणिती

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले. चाळिशी उलटलेल्या वेधशाळा-संचालकावर सैन्यात जाण्याची सक्ती नव्हती. तरीही श्वार्झशिल्ड स्वेच्छेने दाखल झाले. बेल्जियममध्ये हवामान केंद्रावर, मग फ्रान्समध्ये आणि पुढे रशियन आघाडीवर त्यांनी काम केले. तोफगोळ्यांच्या मार्गाचे गणित करणे हे त्यांचे मुख्य काम होते. वारा व हवेची घनता यांचा गोळ्याच्या मार्गावर काय परिणाम होतो, यावर त्यांनी प्रबंधही लिहिला. लष्करी गुप्ततेमुळे त्याच्या प्रकाशनाला १९२० साल उजाडावे लागले. ज्या बुद्धीने ताऱ्यांच्या कक्षा शोधल्या, तीच आता माणसांवर पडणाऱ्या गोळ्यांच्या कक्षा शोधीत होती. युद्ध विद्वत्तेला असेच वेठीस धरते.

नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी बर्लिनच्या अकादमीपुढे व्यापक सापेक्षता सिद्धांताची मांडणी पूर्ण केली. गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-कालाची वक्रता, हे सांगणारी त्यांची समीकरणे अत्यंत गुंतागुंतीची होती. बुधाच्या कक्षेतील शतकाला ४३ विकलांची जी विसंगती न्यूटनच्या नियमांनी उलगडत नव्हती, तिचे स्पष्टीकरण खुद्द आइन्स्टाइन यांना अजमासाच्या पद्धतीनेच द्यावे लागले होते. समीकरणांची काटेकोर उकल इतक्यात हाती येईल, असे त्यांना वाटत नव्हते. पण तो निबंध वाचून श्वार्झशिल्ड यांनी आघाडीवरच ती उकल काढली आणि २२ डिसेंबर १९१५ रोजी पत्राने आइन्स्टाइन यांना कळविली. एका गोल, न फिरणाऱ्या वस्तूभोवतीचे अवकाश किती व कसे वाकते, हे त्यात नेमकेपणाने सांगितले होते. आइन्स्टाइन यांनी तो निबंध जानेवारी १९१६ मध्ये अकादमीपुढे ठेवला. फेब्रुवारीत दुसरा निबंध आला; त्यात अशा वस्तूच्या अंतर्भागाचे गणित होते.

याच काळात पेम्फिगस नावाच्या व्याधीने त्यांना ग्रासले. या रोगात त्वचेवर वेदनादायक फोड येतात आणि त्या काळी त्यावर परिणामकारक उपाय नव्हता. तशाही अवस्थेत त्यांनी पुंजवादावर आणखी एक महत्त्वाचा निबंध लिहिला. मार्च १९१६ मध्ये त्यांना आघाडीवरून परत पाठविण्यात आले. ११ मे १९१६ रोजी पॉट्सडॅम येथे, वयाच्या ४२व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. गटिंगेन येथे त्यांना चिरविश्रांती लाभली. बर्लिनच्या अकादमीत आइन्स्टाइन यांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली, हे स्वाभाविकच होते. पण जर्मनीशी युद्ध चालू असताना, लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकातही त्यांच्यावर मृत्युलेख आला आणि तो एडिंग्टन यांनी लिहिला, ही गोष्ट आवर्जून स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

तीन किलोमीटरची सीमा

श्वार्झशिल्ड यांच्या गणितातून एक चमत्कारिक लांबी बाहेर पडते. प्रत्येक वस्तुमानासाठी एक ठरावीक त्रिज्या असते आणि ती वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. सूर्यासाठी ती सुमारे ३ किलोमीटर, पृथ्वीसाठी जेमतेम ९ मिलिमीटर. वस्तू एवढ्या त्रिज्येच्या आत दाबली गेली तर तिच्यापासून प्रकाशही सुटू शकत नाही, असा तिचा आज आपण अर्थ लावतो. श्वार्झशिल्ड यांनी मात्र तसा अर्थ लावला नव्हता. सूर्यासाठीचा ३ किलोमीटरचा आकडा त्यांनी स्वतःच दिला आहे; पण कोणतीही खरी वस्तू त्या सीमेपर्यंत आक्रसेल असे त्यांना वाटत नव्हते. कृष्णविवराचा शोध त्यांनी लावला, असे म्हणणे म्हणूनच बरोबर नाही. दार त्यांनी बांधले. ते उघडून आत डोकावण्यास पुढच्या पिढ्या याव्या लागल्या.

आणि त्या पिढ्याही बिचकतच आल्या. १९३० सालच्या जुलैअखेर मुंबई बंदरातून बोटीने इंग्लंडला निघालेल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या १९ वर्षांच्या तरुणाने प्रवासात जे गणित केले, त्यावरून एका मर्यादेपेक्षा जड श्वेतबटू तारा स्वतःचा भार पेलू शकत नाही असे निघाले. १९३५ साली लंडनमध्ये या निष्कर्षाला जाहीर विरोध केला तो एडिंग्टन यांनीच. १९३९ साली ओपेनहायमर व स्नायडर यांनी जड ताऱ्याचे कोसळणे श्वार्झशिल्ड सीमेपर्यंत नेऊन दाखविले. पण त्याच वर्षी अशी वस्तू निसर्गात घडू शकणार नाही, असे प्रतिपादणारा निबंध खुद्द आइन्स्टाइन यांनी लिहिला. ही सीमा म्हणजे आत जाता येईल पण बाहेर येता येणार नाही असा एकमार्गी उंबरठा आहे, हे १९५८ साली फिंकेलस्टाइन यांच्या विवेचनाने स्पष्ट झाले. कृष्णविवर ही संज्ञा रूढ झाली ती १९६७ नंतर, व्हीलर यांच्यामुळे.

त्यानंतर साक्षी मिळू लागल्या. हंस तारकासमूहातील एका क्ष-किरण स्रोतात सूर्याच्या काही पट वस्तुमानाची अदृश्य वस्तू असल्याचे १९७०च्या दशकाच्या आरंभी दिसून आले. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील वस्तू सूर्याच्या सुमारे ४० लक्ष पट असल्याचे तिच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या दीर्घकालीन वेधांनी सिद्ध झाले व त्या कामाला २०२० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. एम-८७ या दीर्घिकेतील सूर्याच्या साडेसहा अब्ज पट कृष्णविवराची सावली तर एप्रिल २०१९ मध्ये चित्ररूपाने सर्व जगाने पाहिली.

मधली पायरी

येथेच एक अडचण उभी राहते. श्वार्झशिल्ड यांचे समीकरण वस्तुमानाबाबत कोणताही भेदभाव करीत नाही. सूर्याच्या दसपट, दहा हजार पट किंवा अब्जपट, त्याला सारेच सारखे. आकाशात मात्र एका टोकाला ताऱ्यांच्या मृत्यूतून जन्मलेली लहान कृष्णविवरे आणि दुसऱ्या टोकाला दीर्घिकांच्या केंद्रांतील महाकाय कृष्णविवरे विपुल सापडतात. सूर्याच्या शंभर पटींपासून लाखपटीपर्यंतचा मधला टप्पा जवळजवळ रिकामा दिसतो. महाकाय कृष्णविवरे लहानांपासूनच वाढत गेली असतील, तर मध्यम कृष्णविवरे असावयासच हवीत. ती नसतील, तर महाकायांचा जन्म काही वेगळ्याच रीतीने झाला, असे मानावे लागेल. दीर्घिकांच्या जन्मकथेतील हा कळीचा मुद्दा आहे.

पुरावा दुर्मिळ का, याचीही कारणे आहेत. मध्यम कृष्णविवर जेथे असण्याचा संभव, त्या जुन्या तारकागुच्छांत वायू फारसा उरलेला नसतो. गिळावयास काही नसल्याने ते उजळत नाही. त्याचा प्रभाव गुच्छाच्या अगदी चिमुकल्या गाभ्यापुरताच पडतो आणि तेथे ताऱ्यांची दाटी इतकी की एकेक तारा वेगळा ओळखणे कठीण. शिवाय अनेक लहान कृष्णविवरांचा घोळका गाभ्यात जमला, तर बाहेरून तो एका मध्यम कृष्णविवरासारखाच भासू शकतो. ओमेगा सेंटॉरीबाबतही असा आक्षेप घेतला गेला असून तो वाद मिटलेला नाही.

फसगतीचा अनुभवही शास्त्रज्ञांच्या गाठी आहे. एम-८२ या दीर्घिकेतील एक क्ष-किरण स्रोत इतका तेजस्वी होता की, तेथे कृष्णविवरच असणार असा समज होता. २०१४ साली त्या क्ष-किरणांत नियमित स्पंदने आढळली आणि तो स्रोत म्हणजे सूर्याच्या एक-दोन पट वस्तुमानाचा न्यूट्रॉन तारा निघाला! तेजावरून वस्तुमानाचा अंदाज बांधणे किती धोक्याचे, हे यावरून दिसते. प्रकाशमापनाच्या साधनांचीच आधी परीक्षा घेणाऱ्या श्वार्झशिल्ड यांना या धड्याचे आश्चर्य वाटले नसते.

दुसरा मार्ग गुरुत्वीय लहरींचा. दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना अवकाश-कालात उठणारे तरंग १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी प्रथम टिपले; श्वार्झशिल्ड यांच्या उकलीला तेव्हा शंभर वर्षे पुरी होत आली होती. अशा क्षीण तरंगांना गोंगाटातून वेगळे काढण्याच्या गणिती पद्धती घडविण्यात पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांचा मोलाचा वाटा आहे. २१ मे २०१९ रोजी आलेला एक तरंग सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतकाच टिकला. पण त्यातून सूर्याच्या सुमारे ८५ व ६६ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे मिळून सुमारे १४२ पटींचे एक झाल्याचे उलगडले. नोव्हेंबर २०२३ मध्ये टिपलेल्या आणि जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या घटनेत अंतिम कृष्णविवर सूर्याच्या सुमारे २२५ पट भरले. मधल्या पायरीचा खालचा काठ अशा रीतीने हाती लागला आहे. हजारो पटींचा वरचा भाग अद्याप धुक्यातच आहे. मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. ती कार्यान्वित झाली म्हणजे असे तरंग आकाशाच्या नेमक्या कोणत्या भागातून आले, हे ठरविण्यास मोठे साहाय्य होईल.

श्वार्झशिल्ड यांच्या कुटुंबाची आणि स्नेह्यांची पुढील कथा विषण्ण करणारी आहे. ज्या देशासाठी ते आघाडीवर गेले, त्याच देशात नाझी राजवट आल्यावर त्यांचे चिरंजीव मार्टिन यांना १९३६ साली मायभूमी सोडावी लागली. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यातून जर्मनीविरुद्ध लढले आणि पुढे प्रिन्स्टन येथे ताऱ्यांच्या अंतरंगाचे अग्रगण्य अभ्यासक म्हणून नावारूपास आले. बालमित्र पॉल एप्स्टाइन यांनी १९३९ साली गेस्टापोचे बोलावणे येताच आपले जीवन संपविले. १९१६ साली ज्या साम्राज्याचा गणवेश श्वार्झशिल्ड यांच्या अंगावर होता, ते साम्राज्य दोनच वर्षांत लयाला गेले. त्यांनी ज्या गोळ्यांचे मार्ग आखले, त्यांनी काय साधले हे आज कोणी विचारीतही नाही. आघाडीवरील मुक्कामात लिहिलेली ती उकल मात्र ओमेगा सेंटॉरीच्या गाभ्यातील सात ताऱ्यांपर्यंत पोहोचली आहे.

तिच्या पोटात मध्यम कृष्णविवर शक्य आहे एवढे निश्चित लिहिलेले आहे. ते आहे की नाही, हे लिहिलेले नाही. ते शोधण्यासाठी छायाचित्रामागून छायाचित्र, ताऱ्यामागून तारा मोजण्याचे तेच जुने, चिकाटीचे काम करावे लागत आहे, जे व्हिएन्ना व गटिंगेनच्या रात्रींत श्वार्झशिल्ड यांनी केले होते. बुद्धीची झेप आणि हाताची चिकाटी यांत उच्चनीच मानणाऱ्यांनी, विशेषतः परीक्षेतील सूत्रांपलीकडे विज्ञान पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी, या ४२ वर्षांच्या आयुष्याकडे अवश्य पाहावे.